अक्षर केवढं, हे कोणी ठरवायचं?

बाबांनी आयुष्यभर निळ्या काचेतून पाहिलं. भिलाईच्या पोलाद कारखान्यात ब्लास्ट फर्नेसवर ते १९६६ साली लागले. भट्टीत जिथून तापलेली हवा शिरते तिथे डोळ्याएवढा झरोका असतो, आणि त्यातून आतला जाळ पाहायचा तर निळी काच लागते. ती काच त्यांच्या शर्टाच्या खिशात चष्म्याशेजारी असायची. अशा धगीसमोर वर्षानुवर्षं काम केलेल्यांच्या डोळ्यातलं भिंग लवकर गढूळ होऊ शकतं, हे वैद्यकाला जुनं ठाऊक आहे. काच फुंकणाऱ्या कारागिरांच्या नावानं तो मोतीबिंदू ओळखला जातो. बाबांचा मोतीबिंदू धगीचा की वयाचा, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. तो काढला. पुढे दोन वर्षांनी नेत्रपटलाच्या मधोमध झीज सुरू झाली आणि जिथे नजर रोखावी नेमकी तीच जागा पुसट दिसू लागली.

त्या दिवसांत ते कसे वाचत, ते मी जवळून पाहिलं. टेबलावर दिवा, डाव्या हातात भिंग आणि ओळीखाली प्लांटमधून आणलेली स्टीलची पट्टी, ओळ सुटू नये म्हणून. भिंग सरकलं की शब्द अर्धा राही, पट्टी हलली की वरचीच ओळ पुन्हा वाचली जाई. पाऊण तासात दोन पानं. एका संध्याकाळी त्यांनी पट्टी पानातच ठेवून पुस्तक मिटलं. चार महिने ती पट्टी सदतिसाव्या पानावर होती. आम्ही कोणी ती काढली नाही, त्यांनीही नाही.

मग नाशिकहून आलेल्या भाच्यानं त्यांच्या हातात ई-रीडर दिला. अक्षर मोठं केलं. "अजून," बाबा म्हणाले. पुन्हा मोठं केलं. "अजून कर." एका ओळीत जेमतेम तीन शब्द उरले तेव्हा ते थांबले आणि मोठ्यानं वाचायला लागले. पूर्वी ते कधी मोठ्यानं वाचत नसत. मला वाटतं, खरंच दिसतंय की नाही याची त्यांना खात्री करून घ्यायची होती.

ई-रीडर कोण घेतं याबद्दल आपण फार ठोकळेबाज बोलतो. नव्या पिढीला यंत्र आवडतं, जुन्या पिढीला कागदाचा वास आवडतो, एवढ्यावर चर्चा संपते. भिलाईतल्या ओळखीच्या मराठी घरांत मी उलटंच पाहिलं. हे यंत्र सर्वांत घट्ट धरून बसलेली माणसं सत्तरीच्या पुढची आहेत. संधिवातानं बोटं वाकलेल्या एक निवृत्त शिक्षिका आहेत, ज्यांना 'श्रीमान योगी'सारखी हजारावर पानांची कादंबरी मांडीवर घेऊन दहा मिनिटंही धरवत नाही. पावकिलोच्या आतबाहेरचं हे यंत्र त्या उशीला टेकवून ठेवतात. नाईट शिफ्ट करणारा एक क्रेन ऑपरेटर आहे, घरात सगळे झोपले असताना दिवा न लावता वाचतो. माझी अभियांत्रिकी शिकणारी भाची आहे. तिला फोनपासून सुटका हवी होती, दर दोन मिनिटांनी टिंगटिंग न करणारं काहीतरी. आणि आठवीतला एक मुलगा आहे, त्याच्याकडे पुढे येते.

या सगळ्यांची कारणं वेगवेगळी असली तरी मुळाशी गोष्ट एकच आहे. छापील पुस्तक एका ठरावीक वाचकासाठी बनतं. त्याचे डोळे शाबूत असतात, मनगटात बळ असतं, त्याला जोडाक्षर झटकन उमगतं आणि पुस्तकाचं दुकान त्याच्या घरापासून फार लांब नसतं. अक्षर केवढं असावं, ओळ किती लांब असावी, कागद किती जड असावा, हे सगळं छापण्यापूर्वी ठरून जातं आणि मग बदलत नाही. जो त्या मापात बसत नाही, तो मुकाट्यानं वाचकांच्या रांगेतून बाहेर पडतो. आपण म्हणतो, त्यांचं वाचन सुटलं. माझं म्हणणं असं की त्यांचं वाचन सुटलेलं नसतं, पुस्तकानं त्यांना सोडलेलं असतं. अक्षर केवढं असावं हे ठरवण्याचा हक्क छापणाऱ्याकडून वाचणाऱ्याकडे आला, हा ई-रीडरचा खरा बदल. बाकीचे गुण त्याच्या मागून येतात.

आणि हा हक्क आपल्याकडे अगदीच अनोळखी होता असंही नाही. देवघरातली पोथी आठवून पाहा. गुरुचरित्र, ज्ञानेश्वरी, हरिविजय हे ग्रंथ मोठ्या ठळक टायपात आजही मिळतात. आडवी सुटी पानं, चौरंगावर ठेवायची, एक वाचून झालं की उलटून बाजूला करायचं. वजन हातावर येत नाही, पान आपोआप मिटत नाही, अक्षर हातभर अंतरावरून दिसतं. पारायणाला बसणारा माणूस बहुधा म्हातारा असणार, समोर समई असणार, हे पोथी छापणाऱ्यांना माहीत होतं. माझ्या आजीला चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवता येत नव्हता, पण पोथी ती चष्म्याशिवाय वाचे. म्हणजे म्हाताऱ्या डोळ्यांची कदर करायला आपल्या छपाईला येत होतं. ती कदर देवघरापुरती ठेवली, हे आपलं चुकलं. आजीला कादंबरी वाचायची असेल, आत्मचरित्र वाचायचं असेल, शेतीवरचं किंवा राजकारणावरचं पुस्तक वाचायचं असेल, असं कोणाच्या मनातच आलं नाही. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक थॉर्प यांनी १९६४ साली अल्व्हरस्क्रॉफ्ट नावानं साध्या कादंबऱ्या मोठ्या टायपात छापायला सुरुवात केली आणि त्या ग्रंथालयांतून म्हाताऱ्या वाचकांपर्यंत पोचल्या. मराठीत मोठ्या टायपातली ललित पुस्तकं शोधायला जा, हाती फार काही लागत नाही. देवनागरीला तर ती जास्त हवीत. वर रफार, मात्रा, अनुस्वार, खाली उकार, मध्ये जोडाक्षर, इतकं सगळं एका उंचीत कोंबायचं म्हटलं की रोमन अक्षर ज्या मापाला वाचता येतं त्याच मापाला आपलं अक्षर गच्च होतं. 'कि' की 'की', 'सु' की 'सू', यात अधू डोळा अडखळतो.

यंत्र साधं आहे. पडद्याखाली केसाच्या जाडीच्या लाखो सूक्ष्म कुप्या असतात, त्यांत पांढरे आणि काळे कण असतात आणि त्यांवरचा विद्युत्भार एकमेकांच्या उलट असतो. विजेचा इशारा मिळाला की काळे किंवा पांढरे वर येतात आणि तिथेच राहतात. मागून उजेड डोळ्यांत मारला जात नाही, कागदासारखा खोलीतला, नाहीतर पडद्याच्या कडेच्या दिव्याचा उजेड परावर्तित होतो. अमेरिकेतल्या एमआयटीमधून १९९७ साली निघालेल्या ई-इंक कंपनीचं हे तंत्र. २००४ साली सोनीनं जपानमध्ये त्यावर पहिलं यंत्र विकलं, २००७ च्या नोव्हेंबरात ॲमेझॉनचं किंडल आलं. मराठी पुस्तकांना किंडलवर अधिकृत जागा मिळाली ती डिसेंबर २०१६ मध्ये, हिंदी, तमिळ, गुजराती आणि मल्याळमबरोबर.

भिलाईसारख्या गावाला त्या तारखेचं महत्त्व पुण्याच्या वाचकापेक्षा जास्त वाटतं. हा कारखाना उभारायचा करार सोव्हिएत संघाशी फेब्रुवारी १९५५ मध्ये झाला, तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या राज्यात होता त्याची राजधानी नागपूर होती. पुढच्या वर्षी राज्यं बदलली, नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही भोपाळच्या राज्यात राहिलो आणि २००० पासून रायपूरच्या. वर्धा, अमरावती, भंडाऱ्याहून नोकरीला आलेली माणसं मात्र इथेच राहिली. नागपूर रेल्वेनं अडीचशे किलोमीटरच्या आसपास. दुपारच्या गाडीत बसलं की संध्याकाळी तिथे. तरी मराठी पुस्तक हे नेहमी 'कोणी जाणारं असेल तर आणायचं' अशा वस्तूंतलंच राहिलं, लोणच्याच्या मसाल्यासारखं. १९०९ साली 'मनोरंजन'नं सुरू केलेली दिवाळी अंकांची परंपरा आमच्याकडे तुळशीच्या लग्नानंतर पोचायची.

आणि जी पुस्तकं जमली त्यांचं काय झालं, हेही सांगते. प्लांटचं क्वार्टर हे नोकरीपुरतं घर. निवृत्त झालं की ते रिकामं करायचं. सेक्टरमधल्या किती घरांतून मी पत्र्याच्या ट्रंका बाहेर येताना पाहिल्या आहेत. भांडी जातात, कपाट जातं, पुस्तकांपाशी येऊन सगळे थबकतात. मुलगा बंगळुरूला, त्याचा फ्लॅट दोन खोल्यांचा. मग निम्मी पुस्तकं मराठी मंडळाच्या कपाटात आणि निम्मी रद्दीत. तीनशे पुस्तकं हाताच्या पंजाएवढ्या जागेत मावतात याचं कौतुक ज्याला कळत नाही, त्यानं क्वार्टर सोडलेलं नसतं.

आता त्या आठवीतल्या मुलाकडे वळते. हुशार आहे, बोलतो छान, पण वाचताना ओळ सोडतो, वेलांट्या गाळतो, 'प्रकाश'चा 'परकाश' करतो. वर्गात त्याला आळशी ठरवून झालं होतं. शेवटी तपासणीत वाचनअक्षमता निघाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अशा विशिष्ट अध्ययन अक्षमतांना स्वतंत्र जागा आहे, पण कायद्यानं धडा सोपा होत नाही. त्याच्या आईनं बाबांचा ई-रीडर आठवड्यासाठी नेला आणि अक्षर बाबांच्याच मापाला ठेवलं. ओळीत तीन-चार शब्द. मुलगा वाचायला लागला. भरभर नाही, पण ओळ न सोडता.

यामागे काही आहे का, ते मी शोधलं. मॅथ्यू श्नेप्स आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या वाचनअक्षमता असलेल्या १०३ विद्यार्थ्यांनी मजकूर कागदावर आणि हातातल्या लहान पडद्यावर वाचला. ज्यांना शब्द सोडवायला जड जात होतं त्यांचा वेग लहान पडद्यावर वाढला, आणि ज्यांच्या नजरेच्या टप्प्यात एका वेळी कमी अक्षरं मावत होती त्यांना अर्थ अधिक कळला. श्नेप्स यांच्या मते फरक पडला तो आखूड ओळींमुळे. आजूबाजूच्या शब्दांची गर्दीच नाहीशी होते. याउलट अशा मुलांसाठी खास बनवलेल्या वेगळ्या वळणाच्या फाँटचा गाजावाजा पुष्कळ आहे, पण त्याच्या फायद्याचे पुरावे फारसे मिळत नाहीत. म्हणून त्या आईला मी एवढंच सांगितलं: फाँट कुठलाही असू दे, ओळ आखूड ठेव.

तोच आकडा, तीन-चार शब्दांची ओळ, पंच्याऐंशीकडे झुकलेल्या माणसाला आणि तेरा वर्षांच्या मुलाला दोघांनाही उपयोगी पडला. दोघांच्या अडचणी वेगळ्या, एकाची डोळ्यात, दुसऱ्याची डोळ्यामागे. पण दोघांचंही म्हणणं एकच होतं: छापणाऱ्यानं ठरवलेलं पान आम्हाला चालत नाही, आमचं आम्हाला मांडू द्या.

इथवर सगळं आनंदाचं आहे. पुढचं तसं नाही. बँकेत नोकरी करणारा एक जन्मांध तरुण आमच्या ओळखीचा आहे. त्याला ई-रीडरचा पडदा नको, तो संगणकावर आणि फोनवर स्क्रीन रीडरच्या आवाजात वाचतो. पण त्याला फाईल लागते ती बाबांना लागते तीच, अक्षरं खरी असलेली. एकदा त्यानं माझ्यासमोर एक मराठी पुस्तक उघडलं, एका प्रकाशनाकडून रीतसर पैसे भरून घेतलेलं. आवाज म्हणाला, पान एक, मोकळं. पान दोन, मोकळं. दोनशे पानांच्या पुस्तकाची दोनशे छायाचित्रं होती ती. मग त्यानं दुसरीकडून मिळालेला एक लेख उघडला. यंत्र 'डॉलर, कंस, एल, स्वल्पविराम' असं काहीबाही बरळायला लागलं. तो शांतपणे म्हणाला, "ताई, हे मराठी आहे असं मला सांगितलंय."

हे का होतं ते प्रत्येक मराठी प्रकाशकानं समजून घ्यायला हवं. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. तिथे 'क' हा जगातल्या सगळ्या यंत्रांसाठी 'क'च असतो. पण आपल्या छापखान्यांत मजकूर जुळवला गेला तो त्याआधीच्या पद्धतीच्या फाँटांत, ज्यात रोमन चिन्हाच्या जागी मराठी अक्षराचा आकार बसवलेला असतो. कागदावर सुंदर मराठी उमटते, पण यंत्राच्या लेखी तिथे मराठी नसतेच. अनेक ठिकाणी अजून तसंच चालतं. अशा फाईलमधून ई-पुस्तक करायचं म्हणजे रूपांतर आणि पुन्हा मुद्रितशोधन आलं, आणि तो खर्च टाळायचा म्हणून पानांचे फोटो पीडीएफमध्ये घालून मोकळे होतात. तसलं पीडीएफ बाबांच्याही कामाचं नाही. अक्षर मोठं करायला गेलं की सगळं पानच मोठं होतं, कडेचे शब्द पडद्याबाहेर जातात आणि पुन्हा भिंग-पट्टीचाच खेळ सुरू होतो.

कायदा याबाबतीत आपल्यापुढे आहे. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी पुस्तकाचं सुलभ रूप करायची मुभा मिळाली. २०१३ साली मराकेशला यासाठी आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २०१४ च्या जूनमध्ये त्याला मान्यता देणारा जगातला पहिला देश भारत होता. त्या करारात लाभार्थी म्हणून फक्त अंध माणूस नाही. वाचनाची अक्षमता असलेला आहे, आणि पुस्तक हातात धरू न शकणाराही आहे. म्हणजे बँकेतला तरुण, आठवीतला मुलगा आणि बोटं वाकलेल्या शिक्षिका या तिघांची सोय एका कलमात बघितलेली आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालयही सुरू झालं. पण कायदा रूपांतर करायची परवानगी देतो, रूपांतराचे श्रम वाचवत नाही. एकेक पान स्कॅन करून, ओळख चुकलेली अक्षरं हातानं दुरुस्त करून स्वयंसेवक जे काम करतात, ते प्रकाशकाच्या संगणकात छापण्याआधीच झालेलं असू शकतं. भिंत बांधून मग तिला दार पाडण्यासारखं आहे हे.

लेखकांची भीती मला कळते. २००९ साली किंडलवर पुस्तक मोठ्यानं वाचून दाखवायची सोय आली तेव्हा अमेरिकेतल्या ऑथर्स गिल्डनं हरकत घेतली, की यानं श्राव्य पुस्तकांचे हक्क बुडतात. कंपनी नमली आणि आवाज द्यायचा की नाही हे हक्कदारावर सोडलं. एप्रिलमध्ये अंध वाचक न्यूयॉर्कमध्ये गिल्डच्या दारात जाऊन उभे राहिले. त्यांचं म्हणणं होतं, आम्ही पुस्तक विकतच घेतोय, ते कसं वाचायचं एवढंच आम्हाला ठरवू द्या. मला त्यांची बाजू पटते. मराठीत चोरट्या पीडीएफचा सुळसुळाट आहे हे खरं. पण चोर फोटो काढूनही चोरतोच, अडतो तो पैसे भरणारा अंध वाचक.

ई-रीडरच्या विरोधातल्या दोन गोष्टी मात्र मला नाकारता येत नाहीत. पहिली मालकीची. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉननं ऑर्वेलच्या दोन पुस्तकांच्या विकलेल्या प्रती हक्कांच्या घोळामुळे लोकांच्या यंत्रांतून परस्पर पुसल्या. पुढे प्रमुखांनी माफी मागितली. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच कंपनीनं विकत घेतलेलं पुस्तक संगणकावर उतरवून ठेवायची सोय बंद केली. सेक्टरमध्ये एक कादंबरी पाच घरं फिरायची, चहाचा डाग घेऊन परत यायची. कुलूपबंद फाईल तशी फिरत नाही, आणि हे नुकसान मोठं आहे.

दुसरी स्मरणाची. ॲन मँगेन आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली पन्नास जणांना एक दीर्घकथा वाचायला दिली, निम्म्यांना छापील, निम्म्यांना किंडलवर. कथा दोघांनाही सारखीच कळली, पण कुठली घटना आधी, कुठली नंतर, हे कागदवाल्यांनी जास्त अचूक सांगितलं. बाबांची पहिली तक्रार हीच होती. डाव्या हातातली पानं जाड होत जातात आणि उजव्यातली पातळ, त्यावरून गोष्ट कुठे आली ते कळतं. इथे खाली टक्के दिसतात. त्यांना टक्के आवडत नाहीत. ज्याचे डोळे, हात आणि दुकान तिन्ही जवळ आहेत त्यानं कागदावर खुशाल वाचावं, मीही वाचते. पण आपल्या सवयीचं सुख हे दुसऱ्याचं दार बंद ठेवायचं कारण होऊ नये.

इथल्या मुलांबद्दल एक सांगायचं राहिलं. भिलाईची मराठी मुलं शाळेत हिंदी शिकतात, लिपी तीच असल्यामुळे मराठी अक्षर त्यांना येतं, अडतात ती शब्दांना. 'ओसरी', 'उंबरठा', 'हुरडा' हे शब्द त्यांनी घरात ऐकलेले नसतात. इंग्रजी पुस्तकात शब्दावर बोट ठेवलं की अर्थ उघडतो. माझ्या यंत्रावर मराठी पुस्तकात तसं होत नाही. मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर सगळ्यांना खुले आहेत. म्हणजे शब्द आहेत, अर्थ आहेत, दोघांना जोडणारा धागा तेवढा कोणी ओवायचा आहे. तो ओवला गेला, तर महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मुलासाठी त्याहून मोठं काम दुसरं नाही असं मला वाटतं.

मराठी प्रकाशकांना आणि दिवाळी अंकांच्या संपादकांना माझी विनंती आहे. मजकूर पहिल्यापासून युनिकोडमध्ये जुळवा. छापील प्रतीबरोबर एक ईपब प्रत काढा, जिच्यात अक्षर वाढवता येईल आणि आवाजात ऐकता येईल, आणि ती शक्यतो कुलपाशिवाय विका. महाराष्ट्राबाहेरच्या मंडळांनी पुस्तकांच्या कपाटात दोन ई-रीडर ठेवावेत, पुस्तकासारखेच घरी न्यायला द्यावेत. यंत्राची किंमत प्रत्येक घराला परवडत नाही, मंडळाला परवडते. आणि वाचकहो, तुमचे डोळे आज चांगले असतील तरीही तुमच्या आवडत्या प्रकाशकाला एक पत्र लिहा. त्यात एवढंच विचारा: तुमच्या या पुस्तकाचं अक्षर मला हवं तेवढं मोठं करता येतं का?